पॉम्पेईचा गुन्हा काय होता?

पॉम्पेई हे नाव आपल्याकडे दोन वाटांनी पोहोचतं. एक वाट शाळेच्या पुस्तकाची किंवा एखाद्या इंग्रजी सिनेमाची. दुसरी बयानाची. जुम्म्याच्या बयानात, यूट्यूबवरच्या तकरिरीत आणि मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये पॉम्पेईचा किस्सा ठरलेल्या क्रमाने सांगितला जातो. ऐयाशीत बुडालेलं शहर, भिंतींवर नंगी चित्रं, गल्लोगल्ली वेश्यागृहं. मग एके दिवशी अल्लाहचा अजाब आला आणि जो जिथे होता तिथेच दगड झाला. पुरावा म्हणून राखेतल्या माणसांचे फोटो. खाली एक ओळ, की हजरत लूत यांच्या कौमची जी गत झाली तीच यांची झाली.

हा किस्सा सांगणाऱ्यांच्या नियतीबद्दल मला शंका नाही. धरतीवर फिरून पूर्वीच्या लोकांचा शेवट काय झाला ते पाहावं, ही सूचना कुराणात एकाहून अधिक ठिकाणी आली आहे. उजाड वस्तीकडे पाहून माणसाने काही शिकावं, यालाच आपण इबरत म्हणतो. पण पाहण्याची सूचना असेल तर आधी नीट पाहावं लागेल. इटलीत नेपल्सला दोन-तीन दिवस मुक्काम होता, तेव्हा पॉम्पेई आणि व्हेसुव्हियस अशी एका दिवसाची गाईडेड टूर घेतली. सकाळी उद्ध्वस्त शहर, दुपारनंतर ते उद्ध्वस्त करणारा डोंगर. त्या दिवसात आणि नंतरच्या वाचनात जे हाती आलं ते बयानातल्या पॉम्पेईशी जुळत नाही. का जुळत नाही, ते सांगतो.

शहर

पोर्ता मरिना नावाच्या दरवाज्यातून आत शिरलं की दगडी चढ लागतो. रस्ते काळ्या लाव्हाच्या मोठ्या फरशांचे. त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेले खोल चर आजही दिसतात. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड रोवलेले आहेत. पावसाचं आणि सांडपाण्याचं पाणी रस्त्यावरून वाहायचं, तेव्हा पाय ओले होऊ नयेत म्हणून ही सोय. दोन दगडांमधल्या फटीतून बैलगाडीचं चाक जाईल इतकं अंतर मोजून सोडलेलं. चौकाचौकात पाण्याचे दगडी हौद. त्यांचे काठ पाणी पिणाऱ्यांच्या हातांनी झिजले आहेत. पहिल्या अर्ध्या तासात मला पापाचं शहर दिसलं नाही. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या बाजारपेठेच्या गावासारखं गाव दिसलं.

फोरम म्हणजे मुख्य चौक. त्याच्या उत्तरेला ज्युपिटरचं देऊळ आणि देवळाच्या बरोबर मागे व्हेसुव्हियस. सगळे प्रवासी इथेच फोटो काढतात. आमची गाईड चाळिशीतली, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. तिने सगळ्यांना डोंगराकडे पाठ करून उभं केलं आणि म्हणाली, इथल्या लोकांनी असंच केलं होतं. त्यांच्यासाठी तो द्राक्षमळ्यांचा डोंगर होता. इसवी सनापूर्वी 73 मध्ये स्पार्टाकस आणि त्याच्यासोबत पळालेल्या गुलामांनी याच डोंगरावर आसरा घेतला होता. स्ट्रॅबोसारख्या एखाद्या भूगोलकाराने जळलेले दगड पाहून इथे कधीकाळी आग असावी असं लिहून ठेवलं होतं. पण मळ्यात राबणाऱ्याला ते कोण सांगणार?

इ. स. 62 मध्ये इथे मोठा भूकंप झाला. देवळं पडली, घरं पडली. सतरा वर्षांनी, 79 मध्ये, ज्वालामुखी फुटला तेव्हा बऱ्याच इमारतींची दुरुस्ती चालूच होती. स्फोटाची तारीख पूर्वी 24 ऑगस्ट मानली जायची. 2018 मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली ऑक्टोबरच्या मध्याची तारीख सापडली. कोळशाचं अक्षर फार काळ टिकत नाही, म्हणून आता बरेच अभ्यासक स्फोट ऑक्टोबरच्या अखेरीला झाला असं मानतात. भिंतीवरची एक ओळ शेकडो वर्षांची तारीख बदलून टाकते, आणि आपण मात्र अख्ख्या शहराच्या चारित्र्याचा निकाल एका मेसेजवर देऊन मोकळे होतो.

कोण राहत होतं इथे

एका बेकरीत जाती अजून उभी आहेत, लाव्हाच्या दगडाची, माणसाच्या छातीइतकी उंच. ती गाढवं फिरवायची किंवा गुलाम. मोडेस्टसच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बेकरीच्या भट्टीत 81 पाव सापडले. कोळसा झालेले, पण आकार शाबूत. वरून आग पडत असताना कुणीतरी पाव भट्टीत लावून गेलं होतं.

डिसेंबर 2023 मध्ये पॉम्पेईत आणखी एक बेकरी उजेडात आली. तिथे बाहेर पडायला वाट फक्त मालकाच्या घरातून. खिडक्या लहान, उंचावर आणि लोखंडी गजांच्या. आत गुलाम आणि गाढवं एकत्र कोंडलेली. फरशीवर जनावरांच्या फिरण्याचा माग काढायला खाचा कोरलेल्या. शहराबाहेर चिविता जुलियाना इथल्या वाड्यात 2021 मध्ये 16 चौरस मीटरची एक खोली सापडली. तीन खाटा, त्यांतली एक लहान मुलाच्या मापाची. खोलीत सामानसुमान भरलेलं, भिंतीत वर एकच झरोका. हे गुलाम कुटुंबाचं घर असावं.

मग आला लुपानार, म्हणजे वेश्यागृह. शहरातली सर्वांत लांब रांग इथेच असते. खाली पाच खोल्या, वर पाच. खालच्या खोल्यांत दगडी पलंग, दारांवर चित्रं. रांगेतले लोक हसत होते, एकमेकांना कोपराने ढोसत होते. गाईड थांबली आणि फक्त एवढंच म्हणाली, की इथे राहणाऱ्या बहुतेक बायका विकत घेतलेल्या होत्या. एका भेटीची किंमत साध्या दारूच्या एक-दोन पेल्यांइतकी, आणि तीही तिला नाही, मालकाला.

बयानात नेमका हाच लुपानार पुरावा म्हणून उभा केला जातो. तिथे उभं राहून मला एक साधा प्रश्न पडला. ही जागा पापाची असेल तर पाप कुणी केलं? जिला बाजारात विकलं तिने की ज्याने घेतलं त्याने? आणि राख दोघांवर सारखीच पडली असेल, तर त्याला न्याय कसा म्हणायचा? एकाचं ओझं दुसऱ्याने उचलायचं नाही, हे तर कुराणाचं मूळ सूत्र आहे. पॉम्पेईला अजाब म्हणणारे या सूत्राचं काय करतात?

मेलेल्यांच्या गोष्टी

राखेतली माणसं दगड झालेली नाहीत. राख त्यांच्याभोवती घट्ट झाली, आत देह कुजून गेला आणि देहाच्या आकाराची पोकळी उरली. 1863 मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली या उत्खननप्रमुखाने अशा पोकळ्यांत प्लास्टर ओतायची पद्धत आणली. प्लास्टर सुकल्यावर भोवतालची राख काढली की माणूस समोर येतो, कपड्याच्या चुण्यांसकट. आपण फोटोत पाहतो ते हे प्लास्टर. आत हाडं मात्र खरी आहेत.

या आकृत्यांना लोकांनी गोष्टी चिकटवल्या. सोन्याचं कडं घातलेली आणि मांडीवर मूल असलेली आई. मिठीत मेलेल्या दोन बहिणी. गोष्टी ऐकायला हृदयद्रावक. नोव्हेंबर 2024 मध्ये हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कडं घातलेली ती आई पुरुष निघाली आणि मुलाशी तिचं, म्हणजे त्याचं, रक्ताचं नातंच नव्हतं. दोन बहिणींपैकी एक जण पुरुष होता. ज्यांचा डीएनए वाचता आला त्यांचे पूर्वज बऱ्याच अंशी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडून आलेले होते. आजच्या भाषेत परप्रांतीय.

मेलेला माणूस बोलत नाही. त्याच्या वतीने आपण बोलतो, आणि आपल्याला हवं तेच बोलतो. प्रवाशाला आई हवी असते म्हणून आई दिसते. वाईझला गुनहगार हवा असतो म्हणून गुनहगार दिसतो.

आकडे पाहिले तर अजाबाची गोष्ट आणखी लंगडी पडते. दोन तृतीयांश शहर खणून झालं आहे आणि आतापर्यंत साधारण 1,150 लोकांचे अवशेष मिळाले आहेत. शहराची लोकसंख्या दहा हजारांच्या वर धरली जाते. म्हणजे बरेचसे लोक निघून गेले असावेत. स्टीव्हन टक या अमेरिकन अभ्यासकाने पॉम्पेईतल्या घराण्यांची नावं नेपल्स, कुमाए, ऑस्टिया अशा शहरांतल्या नंतरच्या शिलालेखांत शोधून काढली. ही माणसं तिथे वसली, लग्नं केली, धंदे काढले. सम्राट टायटसने मदतीसाठी अधिकारी नेमले आणि वारस न उरलेल्या मृतांची मालमत्ता पुनर्वसनाला दिली. जवळ पैसा, जनावर किंवा होडी असलेल्याला निसटणं सोपं होतं. मागे कोण राहिलं असेल? म्हातारे, आजारी, पोटुशी बाई, घर राखायला ठेवलेला गुलाम. सगळेच मागे राहिलेले गरीब नव्हते, सोन्यानाण्यासह मेलेलेही सापडले. पण निघून जाण्याची मुभा सगळ्यांना सारखी नव्हती, हे उघड आहे.

पहिल्या दिवशी आकाशातून प्यूमिस म्हणतात तो हलका, सच्छिद्र दगड पडत राहिला, अठरा तासांच्या आसपास. त्याचा थर जवळपास तीन मीटर झाला. त्या वजनाने छपरं कोसळली. या थरात मिळालेले चारशेच्या घरातले लोक बहुतेक छताभिंतींखाली चिरडून मेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या वायूचा आणि राखेचा लोंढा डोंगरावरून उतरला आणि उरलेले क्षणात संपले.

त्या काळच्या लोकांना काय वाटलं

अजाबाची कल्पना आपण शोधलेली नाही. पॉम्पेईतल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने दोन शब्द लिहिलेले सापडले आहेत: सदोम, गमोरा. बायबलमधली, लूत यांच्या गोष्टीतली ती दोन गावं. लिहिणारा ज्यू असेल किंवा ख्रिस्ती. स्फोटाआधी लिहिलं की नंतर कुणी राखेत उतरून लिहिलं, यावर वाद आहे. पण या शहराला पापनगरी म्हणणारा माणूस जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीही होता.

आणि त्याला उत्तर देणाराही तेव्हाच होता. 62 च्या भूकंपानंतर सेनेका या तत्त्वज्ञाने लिहिलं, की धरणीकंप देवांच्या रागाने होत नाहीत, त्यांची कारणं जमिनीच्या पोटात आहेत. हा भाग सोडून पळण्यातही अर्थ नाही, कारण कुठल्याच जमिनीने न हलण्याचं वचन दिलेलं नाही. त्याने दिलेली शास्त्रीय कारणं आज चूक ठरतात. पण कारण कुठे शोधायचं, ती दिशा बरोबर होती.

स्फोटाचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन आपल्याकडे एकाच माणसाचं आहे, धाकट्या प्लिनीचं. तो तेव्हा 17 वर्षांचा. खाडीपलीकडे मिसेनमला मामाच्या घरी होता. पुढे इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या दोन पत्रांत त्याने ते सांगितलं. अंधारात किंचाळणारी माणसं, देवाकडे हात पसरणारे आणि त्याहून जास्त संख्येने, आता देवच उरले नाहीत असं म्हणणारे. एकाच अंधारात दोन्ही प्रकारचे लोक होते, आणि अंधार दोघांना सारखाच होता.

त्याचा मामा थोरला प्लिनी आरमाराचा प्रमुख होता. लोकांना वाचवायला जहाजं घेऊन निघाला आणि स्टॅबिएच्या किनाऱ्यावर मेला. या मामाचा आपल्याशी एक संबंध आहे. आपल्या प्रचंड ज्ञानकोशात त्याने तक्रार केली आहे, की हिंदुस्थान रोमकडून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो. मिरी, मोती, मलमल, हस्तिदंत, सगळं तिकडून येतं आणि नाणं तिकडे जातं.

त्या तक्रारीचा पुरावा पॉम्पेईतच निघाला. 1938 मध्ये अमेदेओ मायुरी यांना एका घरात हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, वीतभराहून थोडी उंच, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता अनेक जण यक्षी म्हणतात. आधी ती मथुरेकडची मानली जायची. पुढे जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला अशाच घडणीच्या हस्तिदंती आकृती मिळाल्या, आणि अभ्यासकांची नजर मराठवाड्याकडे वळली. पैठण आणि तेरचा माल बैलगाड्यांवरून भडोचच्या बंदराला जातो, असं त्याच शतकातल्या एका ग्रीक व्यापारी वाटाड्या ग्रंथात लिहिलेलं आहे. भोकरदनच्या कारागिराने घडवलेली बाई व्हेसुव्हियसच्या राखेखाली अठराशे वर्षांहून जास्त काळ पडून राहिली असेल, तर पॉम्पेई आपल्यापासून इतकी दूर नाही. नेपल्सच्या संग्रहालयाने तिची रवानगी मात्र कामुक वस्तूंच्या गुप्त दालनात केली. अंगावर वस्त्र कमी म्हणून. पाप पाहणाऱ्याच्या नजरेत कसं तयार होतं, याचं हे आणखी एक उदाहरण.

डोंगर

दुपारी बस व्हेसुव्हियसवर निघाली. वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना पिवळी फुलं येणारी झुडपं आणि खाली समुद्रापर्यंत पसरलेली घरंच घरं. बस साधारण हजार मीटरवर थांबते. पुढे तांबूस-काळ्या खडीवरून चालत जायचं. पाय घसरतात. अर्ध्या तासात मुखाच्या काठावर पोहोचतो. आत तीनशे मीटर खोल खड्डा, कडांवर कुठे कुठे वाफेच्या बारीक रेघा, हवेत गंधकाचा वास. आग नाही, लाव्हा नाही. काही प्रवासी निराश झाले. पैसे देऊन आलो आणि नुसता खड्डा पाहिला, असं एक जण म्हणालाही.

पण हा डोंगर मेलेला नाही, झोपलेला आहे. आफ्रिकेची भूपट्टी युरोपला रेटते आहे, त्या रेट्यात या भागात खडक खोलवर जाऊन वितळतो, वर सरकतो, साठतो. 1631 मध्ये तो फुटला तेव्हा तीन हजारांवर माणसं गेली. नेपल्सकरांनी तेव्हा संत जेनारोचे अवशेष घेऊन मिरवणूक काढली. त्याचबरोबर स्पॅनिश व्हाइसरॉयने पायथ्याच्या पोर्तिची गावात एक शिळा बसवली. ती पुढच्या पिढ्यांना उद्देशून आहे. हा डोंगर पुन्हा फुटेल, आधी गुरगुरेल, हलेल, धूर सोडेल, तेव्हा चीजवस्तूचा मोह न धरता पळा, असा तिचा आशय. शिळा अजून उभी आहे. गाव तिच्याभोवती वाढत गेलं.

शेवटचा स्फोट मार्च 1944 मधला, दुसऱ्या महायुद्धातला. सान सेबास्तियानो गावावर लाव्हा आला, 26 माणसं मेली, आणि जवळच्या तळावरची अमेरिकेची सुमारे 80 बॉम्बर विमानं राखेखाली निकामी झाली. तेव्हापासून डोंगर शांत आहे. 1841 मध्ये स्थापन झालेली व्हेसुव्हियस वेधशाळा ही ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारी जगातली सर्वांत जुनी संस्था. जमिनीचा प्रत्येक हादरा, फुगवटा आणि वायूचं प्रमाण ती मोजते. सरकारने 25 नगरपालिकांचा लाल पट्टा आखला आहे. त्यात सात लाखांच्या आसपास लोक राहतात आणि इशारा मिळाल्यावर 72 तासांत सगळ्यांना हलवायची योजना कागदावर तयार आहे.

गाईडला विचारलं, भीती वाटत नाही का? तिने खांदे उडवले. आईचं घर इथे आहे, मुलांची शाळा इथे आहे, म्हणाली.

संध्याकाळी नेपल्स स्टेशनजवळ एका बांगलादेशी दुकानात चहा घेतला. मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा झाल्या. माझं नाव ऐकल्यावर तो उठून उभा राहिला, सलाम केला, पैसे घेईना. त्याचा धाकटा भाऊ पाल्मा कम्पानियाला शिलाईच्या कारखान्यात आहे. डोंगराच्या पायथ्याच्या त्या भागात बांगलादेशी कामगारांची मोठी वस्ती आहे. कपडे शिवतात, गावी पैसे पाठवतात. पाल्मा कम्पानिया लाल पट्ट्यात येतं. मी म्हटलं, "भाई, भावाला डोंगराची माहिती आहे ना?" तो म्हणाला, "भाईसाब, हम लोग पानी के मुल्क से आया है. वहाँ सैलाब, यहाँ आग. रोजी जहाँ, आदमी वहाँ."

उद्या व्हेसुव्हियस फुटला तर त्याची राख या भावाच्या शिलाई मशीनवरही पडेल. तेव्हा बयानात काय सांगणार? त्याचा गुन्हा कोणता?

दीन काय सांगतो

लूत यांची कौम आणि पॉम्पेई यांचा ऐतिहासिक संबंध नाही, हे आधी स्पष्ट करू. लूत हे हजरत इब्राहीम यांचे पुतणे. त्यांची वस्ती परंपरेने मृत समुद्राच्या परिसरात मानली जाते. पॉम्पेई कितीतरी शतकांनंतरचं इटलीतलं शहर. कुराणात त्याचं नाव नाही. ज्या कौमांवर अजाब आला असं कुराण सांगतं, तिथे आधी पैगंबर येतो, समजावतो, लोक नाकारतात. वहीच्या आधारावर सांगितलेली ती गोष्ट. वही थांबल्यावर अमुक गावावरचं संकट अजाबच होतं, हे छातीठोक सांगण्याचा अधिकार कुणाकडे आहे?

पैगंबरांच्या आयुष्यातली एक घटना इथे मोलाची आहे. इ. स. 632 मध्ये त्यांचा चिमुकला मुलगा इब्राहीम वारला. त्याच दिवशी सूर्यग्रहण झालं. मदीनेतले लोक म्हणू लागले, पैगंबरांच्या मुलासाठी सूर्यही काळवंडला. शोकात बुडालेल्या बापाला हा मोठेपणा मिळत होता. त्यांनी तो नाकारला. सूर्य-चंद्राला कुणाच्या मरण्या-जगण्यासाठी ग्रहण लागत नाही, असं जाहीर सांगितलं आणि नमाजला उभे राहिले. ग्रहण ही अल्लाहची निशाणी आहेच, पण ती कुणा एका माणसाबद्दलचा निकाल नाही.

दुसरी गोष्ट शहादतीची. हदीसमध्ये शहीद कोण याची यादी येते. त्यात फक्त रणांगणावर मरणारा नाही. प्लेगने मरणारा आहे, पोटाच्या आजाराने मरणारा आहे, बुडून मरणारा आहे आणि पडलेल्या इमारतीखाली दबून मरणाराही आहे. ही खूशखबर श्रद्धावानांसाठी आहे, हे मला माहीत आहे. पण तिच्यातून एक गोष्ट साफ होते. ढिगाऱ्याखाली मरणं हे पापी असल्याचं लक्षण नाही. जी परंपरा ढिगाऱ्याखालच्या माणसाला शहीदाचा दर्जा देते, तिच्याच नावाने आपण ढिगाऱ्याखालच्या माणसाकडे बोट दाखवतो.

प्रश्न फक्त पॉम्पेईचा असता तर एवढं लिहिलं नसतं. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असं म्हटलं. अस्पृश्यता पाप आहेच. पण रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला. निसर्गाच्या घटनेला नीतीचा निकाल मानलं तर उद्या विरोधकही तेच हत्यार वापरतील, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा भार असलेली माळवदं झोपलेल्या माणसांवर पडली. हजारो गेले. त्यांना घरांनी मारलं. पॉम्पेईतही पहिल्या दिवशी छपरांनीच मारलं होतं. किल्लारीला पाप म्हटलं की भिंत कशी बांधायची हा प्रश्नच संपतो. माळीणला डोंगर खचला, त्याला नशीब म्हटलं की डोंगराखाली वस्ती का होती हा प्रश्न संपतो. अजाब या शब्दाने सगळ्यात जास्त सुटका होते ती कंत्राटदाराची आणि सरकारची.

आणि हे बोट शेवटी कुणाकडे वळतं ते आपण पाहिलं आहे. पॉम्पेईच्या पंधरा वर्षं आधी, इ. स. 64 मध्ये, रोम जळालं. नीरोने खापर ख्रिस्त्यांवर फोडलं. संख्येने थोडे, चालीरीतीने वेगळे, बचाव करायला कुणी नाही. 2020 च्या वसंतात करोना आला तेव्हा आपल्या देशात तब्लिगी जमातीचं नाव घेऊन अख्ख्या समाजाला रोगाचा कारखाना ठरवलं गेलं. भाजीवाल्याला नाव विचारून गल्लीतून हाकललं गेलं. ऑगस्ट 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तब्लिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. तोपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. संकटाचं खापर आपल्या डोक्यावर फुटतं तेव्हा किती लागतं, हे ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने तरी दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाववाल्याच्या डोक्यावर ते फोडू नये.

मग पॉम्पेईतून काय घ्यायचं? घ्यायला पुष्कळ आहे. गुलामाला गाढवासोबत कोंडणारी व्यवस्था हे पाप होतं, डोंगर फुटला नसता तरी पाप होतं. सतरा वर्षं आधी जमिनीने इशारा दिला आणि लोकांनी भिंती पुन्हा तशाच उभ्या केल्या, कारण इशारा वाचणारं कुणी नव्हतं. आज वाचणारे आहेत. शामकडे जाताना हजरत उमर यांना वाटेत प्लेगची बातमी कळली तेव्हा त्यांनी काफिला मागे वळवला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता का, असं विचारल्यावर त्यांच्या उत्तराचा आशय होता, की एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो आहे. पोर्तिचीची शिळा आणि उमर यांचा निर्णय मला एकाच जातीचे वाटतात. दोघंही मेलेल्यांचा हिशेब मांडत बसत नाहीत. जिवंत माणसाला वेळेवर बाजूला काढतात.

इबरत म्हणतात ती हीच. मेलेल्यांचा न्याय अल्लाहकडे सोपवावा, आणि आपल्या मोहल्ल्यातली कुठली भिंत पडायला आली आहे ते आज जाऊन पाहावं.